आधी जुने टायर वाचले : एका ऑक्टाव्हिया आरएसचं प्रकरण

"काका, पुढचे दोन टायर बदलायचेत. आणि मागून बेअरिंगचा आवाज येतोय, तेवढं बघा."

मे २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. लाल स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१८ ची. ताईंनी ती दीड वर्षापूर्वी वापरलेली घेतलेली, मीटरवर ५४ हजार किलोमीटर. पुण्यात अलाइनमेंट-बॅलन्सिंगच्या कामात माझी चोवीस वर्षं गेली. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की ताकदीची गाडी रोज कामावर नेणारी मंडळी माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न "सगळ्यात चांगला टायर कुठला?" हाच असतो. त्याचं उत्तर देण्याआधी जे जे बघावं लागतं, ते सगळं या एका गाडीत होतं.

आधी गाडीविषयी. दोन दारांची स्पोर्ट्स कार आपल्या रस्त्यांवर रोज चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इथे ज्यांना तशी गाडी हवी असते आणि घरच्यांना मागे बसवायचंही असतं, ते अशी गाडी घेतात. २०१७ मध्ये ही भारतात आली : दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि हे सगळं फक्त पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे गाडी ओढायची पुढच्या टायरनी, वळवायची पुढच्याच टायरनी, आणि ब्रेक मारताना वजन येऊन पडणार तेही पुढच्यांवरच. चाकाचं माप २२५/४५ आर१७. यातला ४५ हा आकडा आपल्याकडे दुखरा. टायरच्या रुंदीच्या ४५ टक्के म्हणजे साइडवॉलची उंची जेमतेम १०१ मिलिमीटर. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं.

ताईंचा रोजचा रस्ता मी मुद्दाम विचारून घेतला. कोथरूडहून बायपासला लागायचं, वाकड, नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि चाकण. येऊन-जाऊन सत्तरेक किलोमीटर, त्यातला बराचसा गर्दीत रांगत. शेवटचा टप्पा कंपनीकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याचा, तिथे पावसाळ्यात डांबर शोधावं लागतं. आणि दर दुसऱ्या शनिवारी ताम्हिणी घाटातून माणगावकडे, आई-वडिलांना भेटायला. पावसाळ्यात सुद्धा. "पावसाळ्यात तर जास्तच, काका. बाबांना तेव्हा दम्याचा त्रास होतो."

ही शेवटची माहिती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. टायर वर्षातले तीनशे दिवस कसाही चालला तर चालतो. ताम्हिणीत जुलैमधल्या शनिवारी संध्याकाळी, वळणावर ओहोळ रस्त्यावर आलेला असताना तो कसा वागेल, त्यावर निवड ठरवायची.

गाडी लिफ्टवर घेतली आणि चारही चाकं उतरवून फरशीवर आडवी मांडली. नवा टायर निवडण्याआधी जुना वाचायचा असतो, कारण गाडी कशी चालते आणि कुठे दुखते हे त्याच्या नक्षीवर उमटलेलं असतं.

पुढचे दोन आधीच्या मालकाने बदललेले होते. साइडवॉलवर चार आकडी शिक्का १०२१, म्हणजे २०२१ च्या दहाव्या आठवड्यातले. जेमतेम दोन वर्षांचे. पण ते होते आरामाचे, दीर्घायुषी वळणाचे टायर. ताईंना गाडीबरोबर जुनी बिलं मिळाली होती, त्यात एका मोठ्या दुकानाचं बिल होतं आणि मागे पेनने लिहिलेलं : "७०,००० कि.मी. आरामात". वेगाचं अक्षर व्ही, म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत. गाडीसोबत आलेल्या मागच्या टायरवर अक्षर होतं डब्ल्यू, म्हणजे २७०. एवढ्या वेगाने आपल्याला जायचं नसतं हे खरं. तरी मूळ अक्षराच्या खाली उतरू नये, कारण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो आणि आतला पट्टा किती घट्ट आहे हेसुद्धा सांगतं. ज्या गाडीचं स्टिअरिंग आणि ब्रेक डब्ल्यूच्या हिशोबाने बसवलेत, तिला खालच्या अक्षराचा टायर मऊ पडतो.

मी ट्रेड गेज, म्हणजे नक्षीची खोली मोजायचं माप, लावला. पुढच्या डाव्याला बाहेरच्या कडेला ५.१ मिलिमीटर, मधे ४.४, आतल्या कडेला २.२. उजवाही जवळपास तसाच. बाहेरून बघणाऱ्याला टायर छान दिसणार, आणि आतली कड टकलाकडे निघालेली. ताईंना मी खाली वाकून हात लावायला लावला तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. "रोज बघते हो मी टायर. बाहेरूनच दिसतात ना!"

मागचे दोन मूळचे. शिक्का ४८१७, म्हणजे साडेपाच वर्षांचे. नक्षी ३.८ मिलिमीटर, कायद्याच्या १.६ च्या बरीच वर. पण टायरवरून तळवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीचे दात. प्रत्येक ठोकळ्याची एक कड घासून खाली गेलेली, दुसरी उभी. हाच ताईंचा "बेअरिंगचा आवाज". चाक हाताने फिरवून बघितलं, बेअरिंगला काहीही झालेलं नव्हतं. असे दात पडलेला टायर ऐंशीच्या वेगात घों घों करतो आणि माणूस बेअरिंगवर पाच-सात हजार घालवून बसतो. आवाज तसाच राहतो.

मग कडकपणा. माझ्याकडे शोअर ए मापाचा छोटा ड्युरोमीटर आहे, तो रबरात टोचून आकडा वाचायचा. या जातीच्या नव्या टायरला मला साधारण पासष्टच्या आसपास आकडा मिळतो. ताईंच्या मागच्या टायरला ७८ आला. उन्हात उभी राहणारी गाडी, साडेपाच वर्षं. रबरातलं तेल उडत जातं आणि रबर लाकडासारखं होत जातं. नक्षी शिल्लक असते, पण पकड गेलेली असते. नक्षी मोजून "अजून वर्षभर चालतील" म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पावसात फटका बसतो तो यामुळेच.

आणि हवा. पुढच्या उजव्यात २६ पीएसआय, बाकीच्यांत ३० ते ३१.

आता पाण्याचं गणित, कारण ताईंची खरी तक्रार तिसऱ्याच वाक्यात आली : गेल्या पावसाळ्यात बायपासवर एकदा स्टिअरिंग अचानक हलकं झालं होतं. टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं. विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून नासाच्या अभियंत्यांनी यासाठी एक सोपा ठोकताळा काढला होता : हवेच्या दाबाचं पीएसआयमधलं वर्गमूळ घ्या, नऊने गुणा, की नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेग मिळतो. तो गुळगुळीत टायरचा आणि साचलेल्या पाण्याचा हिशोब आहे, मोटारीला जसाच्या तसा लागू होत नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. ३३ पीएसआयला ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतात. २६ ला ८५. म्हणजे केवळ हवा कमी असल्यामुळे अकरा किलोमीटरची सोय गेली. नक्षी खोल असेल तर पाण्याला निघून जायला वाट मिळते आणि हा वेग वर सरकतो. ताईंच्या पुढच्या टायरची आतली कड २.२ वर होती, हवा कमी होती, आणि रबर पावसासाठी केलेलंच नव्हतं. तिन्ही गोष्टी एकाच चाकावर जमलेल्या.

अलाइनमेंटला लावली तेव्हा उरलेलं कोडं सुटलं. पुढची चाकं वरून बघितली तर पुढच्या टोकाला बाहेरच्या बाजूला उघडलेली (चाकाच्या या तिरकेपणाला टो म्हणतात), म्हणून आतली कड खाल्ली गेली. आणि मागच्या डाव्या चाकाचा टो ठरलेल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. या गाडीला मागे मल्टीलिंक सस्पेन्शन आहे, म्हणजे मागची चाकंसुद्धा अॅडजस्ट करता येतात आणि खड्ड्यात आपटली की बिघडतातही. कित्येक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त पुढची चाकं सरळ करून कागद हातात. या गाडीचा मागचा कॅम बोल्ट, जो फिरवून टो बदलतात, गंजून बसला होता. तेल मारून, रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सुटला. मी ताईंना स्पष्ट सांगितलं : हे दुरुस्त न करता जगातला कुठलाही टायर घातलात तरी दहा हजार किलोमीटरला पुन्हा दात पडतील.

आता निवड.

ताईंचा पहिला विचार होता दोनच टायर घ्यायचे, पुढचे. मी नको म्हटलं. दोनच घ्यायचे असतील तर नवे टायर मागे घालतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जात राहते, पाय सैल सोडला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि घाटात ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. ताईंच्या बेतात अगदी उलटं होणार होतं : पुढे नवे चिकट टायर, मागे ७८ कडकपणाचे. त्यामुळे चारही.

दुसरा विचार ताईंच्या ऑफिसमधल्या कुणी तरी डोक्यात घातलेला : २२५/५० घ्या, साइडवॉल उंच होईल, खड्ड्यांचा त्रास जाईल. यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. साइडवॉल १०१ वरून ११२ होते, अकरा मिलिमीटर जास्त. मोह पडावा असाच आकडा. पण चाकाचा व्यास ६३४ चा ६५७ मिलिमीटर होतो, साडेतीन टक्के मोठा. गिअरचं प्रमाण बदलतं, पूर्ण वळवून खड्ड्यात गेलं की चाकाच्या कमानीत घासण्याची शक्यता, शिवाय कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेर गेल्यावर अपघातानंतर विमा कंपनीला काय सांगायचं हा प्रश्न उरतोच. साध्या गाडीला काही जण हे करतात आणि सुखी असतात. पण उंच साइडवॉल वळणावर कलते, आणि ज्या धारदार स्टिअरिंगसाठी ताईंनी ही गाडी घेतली तेच बोथट होतं. तो बेत सोडला.

तिसरा मुद्दा इंटरनेटवरून आला. परदेशातले लोक लिहितात की उन्हाळी टायर ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होतो, म्हणून ऑल-सीझन घ्या. ज्यांच्याकडे बर्फ पडतं त्यांना ते लागू आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला मी स्वतः तसंच सांगेन. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे सोडल्या तर तो प्रश्नच येत नाही. आपल्याला हवा असतो तो उन्हाळी टायरच, पण ओल्यात पकडणारा.

आता उरले प्रकार दोन. एक आरामाचा : शांत, जास्त चालणारा, मिशेलिन प्रायमसी ४ एसटी सारखा. दुसरा पकडीचा : मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, कॉन्टिनेंटल मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी६ वगैरे. ताईंनी दोन्हींच्या साइडवॉलवरच्या ट्रेडवेअर आकड्यांची, म्हणजे टायर किती टिकेल ते सांगणाऱ्या आकड्यांची, तुलना करून आणली होती. तो आकडा अमेरिकी पद्धतीचा आहे. १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करून कंपनी स्वतःच तो ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला बरा, दोन कंपन्यांमध्ये फारसा उपयोगाचा नाही. त्याच्या शेजारी लिहिलेलं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, एए किंवा ए हे अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून काढतात, वळणावरची पकड त्यात येत नाही. मला जास्त भरवसा युरोपच्या लेबलवर आहे, त्यात ओल्या पकडीला ए ते ई अशी वेगळी श्रेणी असते.

मी ताईंना एक हिशोब करून दाखवला. ताशी ८० च्या वेगात ब्रेक मारला. ओल्या रस्त्यावर चांगला टायर ०.९ जी ने (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराने) गाडी थांबवत असेल तर अंतर २८ मीटर. कडक झालेला टायर ०.६ जी च देत असेल तर ४२ मीटर. फरक १४ मीटर, म्हणजे ताईंच्याच गाडीच्या तीन लांब्या. ताम्हिणीत वळणावर म्हशी उभ्या असतात तेव्हा तीन गाड्यांची जागा नसते.

ताईंनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "आवाज जास्त येईल ना?" येईल, मी म्हटलं. बायपासच्या काँक्रीटवर येईलच. पेट्रोल थोडं जास्त लागेल. आणि पस्तीस-चाळीस हजार किलोमीटरच्या पुढे अपेक्षा ठेवू नका. जे खरं आहे ते आधी सांगितलेलं बरं.

पायलट स्पोर्ट ४ ठरला. एमसी६ पण मला चालला असता, किमतीतही थोडा सोयीचा होता, पण त्या आठवड्यात चारही टायर एकाच सुमाराच्या शिक्क्याचे मिळेनात. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर सरकारी परवान्याची अट आली, तेव्हापासून या मापांत असं होतं. कॅटलॉगमध्ये सगळं दिसतं, गोदामात दोन असतात. मी ताईंना म्हटलं, वाट बघण्यापेक्षा ताजा माल मिळतोय तो घेऊ, पाऊस दाराशी आहे. आलेल्या टायरवर शिक्का ०५२३, साडेतीन महिन्यांचे. भार-वेगाचा निर्देश ९४वाय (९४ भाराचा आकडा, वाय वेगाचं अक्षर, डब्ल्यूच्याही वरचं), एक्स्ट्रा लोड. लोकांना वाटतं एक्स्ट्रा लोड म्हणजे खड्ड्यात फुटणार नाही. तसं नाही. त्या टायरचा सांगाडा जास्त हवा झेलू शकतो म्हणून जास्त वजन पेलतो. हवा कमी ठेवलीत तर तोही इतरांसारखाच चिरडतो.

चार टायरचे मिळून अडुसष्ट हजार झाले. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला आहे, आज घेणाऱ्याला तेवढा दिलासा.

बसवणं मी स्वतः केलं. या टायरची नक्षी आतून वेगळी, बाहेरून वेगळी असते, म्हणून "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर आलीच पाहिजे. हे उलटं बसवलेले टायर मी पाहिलेत. टायरची हलकी बाजू दाखवणारा पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ आणला, म्हणजे बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. बोल्ट आधी हाताने फिरवून घेतले, मग टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटर. एअर गनने कचकचून आवळलेले बोल्ट रस्त्यात स्टेपनी बदलताना सुटत नाहीत, आणि ते संकट एकट्या बाईवर रात्री मोशीच्या पुढे यावं असं मला वाटत नाही. हवा ३३, टायर थंड असताना. ताईंनी नायट्रोजन विचारला, मी साधी हवा भरली. तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो, दर पंधरा दिवसांनी मोजणं त्याहून जास्त उपयोगाचं. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवायला सांगितलं, कारण साच्यातून काढताना लावलेला ओशटपणा वरच्या थरावर असतो.

मागचा आवाज त्याच दिवशी गेला. ऑगस्टमध्ये ताईंचा फोन आला : ताम्हिणीत दरडीचे दगड रस्त्यावर होते, धुक्यातून अचानक दिसले, गाडी थांबली. एवढंच सांगितलं आणि मग बाबांच्या तब्येतीबद्दल बोलत राहिल्या.

सगळं गोड झालं असं नाही. पेट्रोलचा खर्च थोडा वाढलाच. जुलै २०२४ मध्ये कंपनीजवळच्या आतल्या रस्त्यावर पाण्याखालच्या खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं आणि साइडवॉलला अंगठ्याएवढा फुगा आला. खड्ड्याची कड धारदार होती, वेग पन्नाशीच्या घरात, कुठल्याही ४५ च्या टायरचं तिथे हेच झालं असतं. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, त्याला दुरुस्ती नाही. तोच टायर पुन्हा घ्यावा लागला. तो आणि उरलेल्यांतला कमी घासलेला, असे दोन मागे घातले, आणि लगेच चारही चाकांचं अलाइनमेंट. अशा गाडीच्या टायरचा खर्च मोजताना हा एक जादाचा टायर आधीच धरून ठेवा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. दर आठ हजारांना पुढचे-मागचे अदलाबदल केले, त्याचा मात्र चांगला उपयोग झाला.

मे २०२५ ला ताई पुन्हा आल्या, पावसाच्या आधी. मीटर नव्वद हजारांवर, म्हणजे या टायरचे छत्तीस हजार झाले होते. मी गेज घ्यायला वळलो तोवर त्या स्वतःचा गेज घेऊन चाकाशी बसल्या होत्या, स्टिअरिंग पूर्ण वळवून, आतली कड दिसेल असं.

"काका, आतून ३.१, बाहेरून ३.२." मग तळवा नक्षीवरून दोन्ही दिशांनी फिरवला. "आणि दात नाहीत."

मी दुकानात फोन लावून चार टायरचे शिक्के विचारले. मधल्या काळात बदललेला तो एक टायर अजून सहाच्या वर होता, तो पुसून, हवा भरून ताईंनी घरी ठेवायला नेला.